अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आता आपल्या रोजच्या बोलण्यातला झाला आहे. बाळाचे वजन कोठे करावयाचे, लस टोचण्याची तारीख कोणास विचारावयाची, तीन वर्षांच्या मुलाला सकाळी दोन-तीन तास कोठे बसवावयाचे, या सर्व प्रश्नांना आपल्या कात्रजच्या वस्त्यांतून अंगणवाडी हेच उत्तर मिळते. हा शब्द इतका सरकारी होऊन गेला आहे की तो एखाद्या कचेरीत जन्मला असावा, असे पुष्कळ भगिनींना वाटते. वस्तुतः त्याची मुळे समुद्रकाठच्या एका खेड्यात आहेत. ज्यांच्या घरी शाळेचे नाव कोणी काढीत नसे, अशा मुलांच्या दारापुढल्या अंगणात ही कल्पना रुजली. ती रुजविणाऱ्या बाई पदवीधर होत्या, एका ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुखपदावर काम केलेल्या होत्या आणि त्या वेळी त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती. त्यांचे नाव ताराबाई मोडक. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी त्यांच्या चरित्राची ओळख करून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ज्या प्रश्नाशी ताराबाई जन्मभर झुंजल्या, तो प्रश्न आजही आपल्या घराघरांत आहे. म्हणून हे चरित्र केवळ जुन्या काळची गोष्ट म्हणून वाचू नये.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई ही दोघेही प्रार्थनासमाजाच्या विचारांची. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाने जातिभेद, बालविवाह आणि विधवांचे हाल यांविरुद्ध आवाज उठविला होता. अशा घरात मुलीने शिकावे याबद्दल वाद नव्हता. वडिलांचे छत्र लवकर हरपले; तरीही ताराबाईंचे शिक्षण थांबले नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी मराठी घरांतील पदवीधर मुली बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदवीचे मोल कळते.

पुढील वर्षी त्यांचा विवाह झाला आणि त्या अमरावतीस आल्या. त्यांचे यजमान मोडक हे तेथील वकील. घर सुस्थितीतले होते, लोकांत मान होता. एक कन्यारत्नही झाले. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास ताराबाई त्या घरातून बाहेर पडल्या. कारणांची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही. त्या काळी नवऱ्याचे घर सोडलेल्या बाईस सभ्य समाजात उभे राहणे किती अवघड होते, हे मात्र आपणांपैकी प्रत्येकीस सांगावाचून समजेल. पदरी लहान मूल, माहेरी वडील नाहीत आणि पुढची वाट अंधारी. अशा वेळी त्यांच्या हाती एकच गोष्ट होती, ती म्हणजे आपले शिक्षण.

राजकोट येथे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज नावाची शिक्षिका तयार करणारी संस्था होती. तिच्या प्रमुखपदी तोवर युरोपीय बाई असत. ताराबाई त्या जागेवर आलेल्या पहिल्या भारतीय स्त्री होत. पगार चांगला, राहावयास जागा, हाताखाली माणसे. एकट्या बाईने याहून अधिक सुरक्षित जागेची अपेक्षा तरी काय करावी? परंतु येथेच त्यांच्या मनात एक निराळा विचार घोळू लागला. मोठ्या मुलींना शिक्षिका करण्याचे शास्त्र त्या शिकवीत होत्या. पण घरात वाढणाऱ्या लहानग्या मुलीला कसे वाढवावे, तिच्या न संपणाऱ्या प्रश्नांना काय उत्तर द्यावे, हे सांगणारे शास्त्र कोणते? याच सुमारास भावनगरच्या एका बालमंदिराची हकीकत त्यांच्या कानी आली. त्या ते पाहावयास गेल्या आणि १९२३ साली राजकोटची मोठी नोकरी सोडून मुलीसह भावनगरास राहावयास आल्या.

भावनगरचे हे बालमंदिर म्हणजे दक्षिणामूर्ती या संस्थेची शाखा. संस्था नानाभाई भट्ट यांनी १९१० साली काढलेली. बालमंदिर मात्र गिजुभाई बधेका यांचे. गिजुभाई मूळचे वकील. मुलगा झाल्यावर त्याला आपण भोगले तसले शिक्षण भोगावयास लागू नये, असे त्यांस वाटू लागले आणि इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांचा ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर उघडले. मार नाही, धाक नाही, बक्षिसाची लालूच नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. मुले गात, नाचत, गोष्टी ऐकत, बागेत पाणी घालीत आणि नाटके करीत. मिशावाले गिजुभाई मुलांची इतक्या मायेने सेवा करीत की गुजराती माणसे त्यांना कौतुकाने मिशाळ आई म्हणू लागली.

या ठिकाणी ताराबाई जे शिकल्या, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे; कारण त्यांचे पुढचे सारे काम त्यावरच उभे आहे. माँटेसरीबाईंनी मुलांसाठी निरनिराळी साधने तयार केली होती. त्यांतले एक म्हणजे लाकडाचा लांबट ठोकळा. त्यात लहानमोठ्या दहा खाचा आणि त्या खाचांत नेमके बसणारे दहा दट्टे असतात. मूल सर्व दट्टे बाहेर काढते आणि पुन्हा बसवू लागते. एखादा दट्टा चुकून मोठ्या खाचेत गेला तर तो आत बुडतो आणि शेवटी एक दट्टा असा उरतो की जो उरलेल्या खाचेत शिरतच नाही. कोणी रागे भरत नाही, कोणी हसत नाही. मूल आपणच थबकते, आपणच पाहते, सगळे उपसून पुन्हा आरंभ करते. चूक दाखविणारा मास्तर त्या ठोकळ्यातच बसलेला असतो. दहाव्या वेळी सर्व दट्टे जागच्या जागी बसले म्हणजे त्या मुलाच्या तोंडावर जे समाधान उमटते, ते कोणाच्या शाबासकीने येत नाही. आपल्याला जमते, ही भावना मुलाच्या ठिकाणी अशी येते. आत्मविश्वास म्हणून आपण ज्याला म्हणतो, त्याचे बी येथे पडते.

मात्र यासाठी मोठ्या माणसाने एक फार कठीण गोष्ट करावी लागते. ती म्हणजे हात आवरणे. मूल बुटाची नाडी बांधू पाहते, दोनदा चुकते. आपला हात आपोआप पुढे होतो आणि आपण ती बांधून टाकतो. त्या क्षणी काम होते, पण मुलाचा एक धडा बुडतो. भावनगरच्या शिक्षकांना पाहत राहण्याची सवय लावून घ्यावी लागे. कोणते मूल कशापाशी किती वेळ रमते, कशाला कंटाळते, कोणाशी भांडते, हे पाहून मग त्याच्यापुढे काय ठेवावयाचे ते ठरविणे, हे शिक्षकाचे खरे काम. ताराबाई भावनगरास सुमारे नऊ वर्षे राहिल्या. गुजरातीत लिहू लागल्या. गिजुभाईंच्या बरोबरीने त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि शिक्षणपत्रिका या मासिकाद्वारे हे विचार आईबापांच्या घरी पोचविण्यास आरंभ केला. पुढे मराठी शिक्षणपत्रिका निघाली, तिचे संपादन ताराबाईंनी अनेक वर्षे केले.

१९३२ साली त्यांनी भावनगर सोडले आणि १९३६ साली मुंबईस दादर येथे शिशुविहार सुरू केला. पुढे बालशिक्षिका तयार करण्याची सोयही तेथे झाली. बालमंदिर म्हणजे काय हेच ज्या शहराला ठाऊक नव्हते, तेथे पालक आपण होऊन मुलांना आणू लागले. मूल खेळते आहे म्हणजे ते वेळ फुकट घालवीत नाही, ही गोष्ट मध्यमवर्गीय मराठी घरांत हळूहळू पटू लागली. ताराबाईंचे नाव सर्वतोमुखी झाले. वयही पन्नाशीकडे झुकले होते. एखादीने येथे कृतार्थ होऊन विसावा घेतला असता.

पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. शिशुविहारात येणारी मुले कोणाची? वकिलांची, डॉक्टरांची, कारकुनांची. फी भरू शकणाऱ्यांची. गुळगुळीत लाकडाची ती साधने महाग होती. गावातल्या शाळेला ती झेपणारी नव्हती. आणि गंमत अशी की या पद्धतीचा जन्म श्रीमंतांच्या घरी झालाच नव्हता. माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेंझो नावाच्या गरीब कामगार वस्तीत उघडले होते. आईबाप कामावर गेल्यावर चाळीच्या जिन्यांवर उनाडणाऱ्या मुलांसाठी ते होते. गरिबांच्या चाळीत जन्मलेली विद्या वीस-पंचवीस वर्षांत सुखवस्तूंची झाली. १९३१ साली गांधीजी लंडनमध्ये माँटेसरीबाईंना भेटले, तेव्हा त्यांनीही हिंदुस्थानातील खेड्यांतल्या लाखो गरीब मुलांचाच विषय काढला होता. ही विद्या त्या मुलांपर्यंत कशी न्यावी, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नव्हते. ते कोणीतरी खेड्यात जाऊन शोधून काढावयाचे होते.

ताराबाई स्वतःच गेल्या. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी दादरचे बस्तान दुसऱ्यांच्या हाती सोपवून बोर्डी गाठली. बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. आचार्य भिसे यांच्या शिक्षणकार्यामुळे त्या गावाला शाळेची ओळख होती. पण बालशिक्षण मात्र नवे. तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

या कामात त्यांना सोबत मिळाली ती आपल्या पुणे जिल्ह्यातील एका बाईंची. अनुताई वाघ या मोरगावच्या. १९१० साली जन्मलेल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्यांच्या घरच्यांनी त्यांना कोपऱ्यात न बसविता शिकविले. पुण्यास ट्रेनिंग कॉलेजात त्या पहिल्या आल्या, चांदवडला शिक्षिका झाल्या आणि नंतर अनेक वर्षे पुण्याच्या हुजूरपागेत शिकवीत होत्या. बालशिक्षणाचा त्यांना अनुभव नव्हता. परंतु खेड्यात जाऊन काम करण्याची तयारी होती. ताराबाई विचार मांडणाऱ्या, अनुताई तो हातांनी करून पाहणाऱ्या. एक संसारातून बाहेर पडलेली, दुसरीचा संसार सुरू होण्यापूर्वीच संपलेला. त्या काळच्या समाजाने ज्यांना कोठेच जागा ठेवली नव्हती, अशा या दोघींनी मिळून हजारो मुलांना जागा करून दिली. अनुताई बोर्डी आणि कोसबाडच्या कामात राहूनच पुढे शिकल्या व १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी बी. ए. झाल्या.

बोर्डीस बालवाडी उघडली. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती मुले येईनात. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची वस्ती गावाबाहेर होती. आईबाप पहाटे कामावर जात, मुले दिवसभर धुळीत. मुलांनी नीटनेटके होऊन, वेळेवर, गावातल्या इमारतीत यावे, ही अपेक्षाच त्यांच्या जगण्याशी जुळत नव्हती. तेव्हा या बायांनी ठरविले की मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांकडे जाईल. वस्तीत जाऊन त्या एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घेत. मुलांना न्हाऊ घालीत, केस विंचरीत, नखे काढीत. मग गाणे, गोष्ट आणि खेळ. शिवाशिव पाळली जात होती त्या काळात हे साधे काम नव्हते. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी.

आता साधनांचा प्रश्न. लाकडी दट्टे येथे कोठून आणावयाचे? ताराबाईंनी साधन बाजूला ठेवले आणि त्यामागचा हेतू तेवढा घेतला. लहानमोठे ओळखावयाचे ना? समुद्रावर हवे तितके शिंपले पडले होते. त्यांची लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावता येते आणि एक चुकला तर ओळ वाकडी दिसते. रंग ओळखावयाचे तर फुले आणि पाने होती. खरबरीत-गुळगुळीत कळण्यास झाडाची साल आणि वाळूतला गोटा. वजन कळण्यास एका हातात दगड, दुसऱ्यात करवंटी. मोजावयास चिंचोके. बोटांना वळण लावण्यास माती, दोरा आणि ओवावयास फुले. साधनाने मुलाची चूक मुलालाच दाखवावी, हा नियम त्यांनी सोडला नाही; लाकूड मात्र सोडले. इतके दिवस जी विद्या महागड्या पेटीत बंद होती, ती अशा रीतीने खेड्यातल्या अंगणात पसरली. आपल्या भोवती पडलेल्या साध्या वस्तूंपासून शिकता येते, हे कळले की मुलाचे कुतूहल शाळेपुरते राहत नाही. ते घरी, वाटेवर, ओढ्यावर त्याच्याबरोबर जाते.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली आदिवासींचे पाडे. सावकार आणि जमीनदार यांच्या वेठबिगारीने हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पिचलेले होते. १९४५ साली, ताराबाई बोर्डीस आल्या त्याच वर्षी, याच भागात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध मोठा लढा दिला होता. माणसे ताठ उभी राहू लागली होती. पण त्यांच्या मुलांना अक्षरओळख नव्हती. साहेबाच्या पोशाखातील कोणी दिसले की मुले झाडीत पळत. भीती गेल्यावाचून कुतूहल जागे होत नाही. म्हणून येथेही आरंभ गाण्याने आणि खेळानेच झाला.

कोसबाडला एक नवी अडचण दिसली आणि तीत ताराबाईंची खरी बुद्धी कळते. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर लहान भाऊ आहे. आई मजुरीस गेली, तर त्याला कोण पाहणार? या मुलीला शाळेचे महत्त्व कितीही सांगितले तरी उपयोग नव्हता. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी असे नाव दिले. मुलीने भावाला कडेवर घेऊनच यावे. तान्हे पाळण्यात, तीन-चार वर्षांचे खेळावयास आणि ती स्वतः वर्गात. थोरल्या बहिणीच्या पायांतली बेडी अशी निघाली. लहानग्याचे शिक्षण आणि मोठ्या मुलीचे शिक्षण हे एकाच धाग्यात गुंतलेले आहे, हे त्यांनी ओळखले होते.

तीच गोष्ट मुलांची. मुलगे गुरे राखावयास जात. गुरे राखली नाहीत तर घरात त्या दिवशी भाकरीची अडचण. मग गुरांमागे शिक्षक गेले. गुरे चरत असता झाडाखाली मुले जमत. पाने, किडे, पाखरे, ढग, ओढ्याचे पाणी हेच पाठ्यपुस्तक. गुरे मोजता मोजता अंक येत, काठीने मातीत अक्षरे उमटत. ही कुरणशाळा. तेथे मुलांना अडाणी समजण्याची सोयच नव्हती. कारण कोणते झाड कधी फुलते, कोणत्या पाल्याने गुरू फुगते, हे शिक्षकापेक्षा त्या मुलांनाच अधिक ठाऊक. ज्याला आपल्याजवळचे काही सांगावयास मिळते, ते मूल पुढचे ऐकावयास तयार होते. हे तत्त्व ताराबाईंनी रानात नेऊन सिद्ध केले.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. मुलांच्या हट्टाविषयी, शिस्तीविषयी त्यांनी मराठीत पुष्कळ लिहिले. आईबापांशी सरळ, न रागावता बोलावे तसे ते लेखन आहे. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ साली त्यांचे देहावसान होईपर्यंत चालविले. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या अंगणातली कल्पना साऱ्या देशाची झाली.

येथवर सर्व गोड झाले. परंतु एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. या योजनेत अंगणवाडीकडे सहा कामे सोपविली आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी मुलास दवाखान्याकडे धाडणे, आयांना आहार व आरोग्याची माहिती देणे आणि शाळेपूर्वीचे शिक्षण. ही सर्व कामे आवश्यकच आहेत. मात्र आहार शिजवून, वजने घेऊन, नोंदी भरून सेविकेचा दिवस संपतो आणि सहावे काम, म्हणजे ज्याच्यासाठी ताराबाईंनी अंगण झाडले ते खेळातून शिकणे, पुष्कळदा मागे पडते. दुसरीकडे ज्यांना फी परवडते, त्या घरांत निराळीच घाई आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या मुठीत पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेतली जातात. शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत अंक येतात म्हणून आपल्या मुलाच्या पाठीत धपाटा बसतो. अजून ज्या बोटांना सदऱ्याचे बटण धड लावता येत नाही, त्या बोटांकडून सुबक अक्षराची अपेक्षा करणे म्हणजे पाया भरण्याआधी माडी चढविणे होय. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत मानून खेळातून शिक्षणाचाच पुरस्कार केला आहे. ताराबाई मराठी आईबापांना हेच १९३० नंतरच्या दशकात सांगत होत्या.

तेव्हा त्यांचे स्मरण आपण कसे करावे? हारतुऱ्यांनी करण्यासारखे ते चरित्र नाही. आपल्या कात्रजमध्ये घाटापलीकडच्या आणि दूरदूरच्या गावांतून पोटासाठी आलेली कुटुंबे आहेत, दोन्ही वेळा कामावर जाणाऱ्या आया आहेत आणि लहान भावंडाला सांभाळण्यासाठी शाळा बुडविणाऱ्या थोरल्या मुली इथेही आढळतात. कोसबाडचा प्रश्न तेवढा दूरचा नाही. आपल्यापैकी ज्यांना दुपारी एखादा तास मोकळा मिळतो, अशा चारपाच जणींनी पाळीपाळीने एखाद्या अंगणात किंवा इमारतीच्या पटांगणात बसावयाचे ठरविले, तर त्यासाठी पैसा लागणार नाही. सतरंजी, पाण्याची बादली, दोन वाट्या, जुन्या साड्यांच्या रंगीत चिंध्या, डब्यांची झाकणे, वाळू आणि आपण पाठ केलेली गाणी एवढी सामग्री पुरे. बादलीपाशी मात्र एक मोठे माणूस बसलेलेच असावे.

घरच्या घरीही पुष्कळ करता येते. डाळ-तांदूळ मिसळून निवडावयास द्यावे. मात्र तीन वर्षांखालील मूल दाणे तोंडात, नाकात घालते; त्याला दाण्यांऐवजी बटाटे, कांदे, झाकणे द्यावी. पोळ्या लाटताना कणकेचा गोळा मुलाच्या हाती द्यावा. मोठ्या वाटीत छोटी वाटी बसविण्याचा खेळ म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला माँटेसरीचा ठोकळाच आहे. वाटी बसत नसली तर लगेच हात पुढे करू नये. मूल रडकुंडीस येईपर्यंत ताणूही नये. दोन्हींच्या मध्ये कोठे थांबावे, हे आपल्या मुलाकडे पाहत राहिल्यानेच कळते. कात्रजच्या तळ्याकाठी फिरावयास नेले आणि मुलाने पक्षी पाण्यात का बुडत नाही असे विचारले, तर उत्तराची घाई न करता आपणही थोडा वेळ त्याच्याबरोबर पाहत उभे राहावे. आईलाही पाहावेसे वाटते, हे मुलाला दिसणे हाच त्या प्रश्नाचा मोठा सन्मान आहे.

आणि जवळच्या अंगणवाडीस अधूनमधून भेट द्यावी; तपासणीस म्हणून नव्हे, हातभार लावावयास. सेविकाताई नोंदी लिहीत असतील तेवढा वेळ एखादीने मुलांना गोष्ट सांगितली, एखादीने शिंपले-गोटे जमवून दिले, तर सहावे काम पुन्हा पहिल्यासारखे उभे राहील. ताराबाईंनी आपली मोठी नोकरी सोडली, शहर सोडले, उतारवयात टेकडी चढली. तेवढे करण्याची शक्ती प्रत्येकीत नसते आणि तेवढे कोणी मागतही नाही. दिवसातला एक तास, एक झाडलेले अंगण आणि मुलाच्या हातातले काम काढून न घेण्याचा संयम, एवढे आपणा सर्वांना निश्चित जमण्यासारखे आहे.